शाळेच्या ताटातला तरोटा

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, केळापूर-झरी जामणीच्या पट्ट्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. जिल्हा परिषदेच्या शाळेने एका दुपारी पोषण आहारात तरोट्याची, म्हणजे पावसाळ्यात आपोआप माजणाऱ्या टाकळ्याची, भाजी वाढली आणि दिवस मावळायच्या आत अर्धं गाव शाळेच्या फाटकात येऊन उभं राहिलं. कोणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी शाळा समितीला ठराव घ्यावा लागला की ‘रानातला पाला’ यापुढे शिजणार नाही. पुढे दोन वर्षांनी त्याच गावात तरोटा पंगतीत वाढला गेला आणि लोकांनी मागून घेतला. पोषणाच्या कामासाठी माझं त्या भागात जाणं-येणं असतं, म्हणून हे सगळं जवळून पाहता आलं. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही.

गाव कापूस, सोयाबीन आणि तुरीचं. मुख्य वस्तीत कुणबी, तेली, काही बौद्ध आणि काही गोंड घरं. नाल्यापलीकडे कोलामांचा पोड, म्हणजे त्यांची वस्ती. राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी कोलाम ही एक, बाकी दोन कातकरी आणि माडिया गोंड. शाळा मात्र दोन्ही वस्त्यांना मिळून एकच. पंगत एकच, ताटंही एकसारखी. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा तंटा त्या एकाच पंगतीभोवती फिरतो.

भाजी ताटात आली कशी

शाळेच्या जेवणाचं गणित ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजीपाला आणि 5 ग्रॅम तेल. सहावीपासून हेच 150, 30, 75 आणि साडेसात होतं. तांदूळ वरून येतो. भाजीचे पैसे आधी स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाने घालायचे आणि बिल मागाहून निघायचं. पावसाळ्यात आठवडी बाजारात भेदरं (टोमॅटो) आणि सांबार (कोथिंबीर) हात लावू देत नाहीत, तेव्हा खिचडीत भाजी म्हणून उरतो तो बटाटा.

मुख्याध्यापक तालुक्याच्या प्रशिक्षणातून एक तक्ता घेऊन आले. त्यात रानभाज्यांची नावं आणि पुढे लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं. शाळेच्या कुंपणाला तरोटा गुडघ्याएवढा माजला होता. गटाच्या अध्यक्ष ताईंना कल्पना पटली: भाजी फुकट, पोरांना पोषण, बिलाची वाट पाहायला नको. एका सकाळी दोन मदतनीस बायांनी कुंपणालगतचा आणि रस्त्याच्या कडेचा तरोटा पोतंभर तोडून आणला.

चूक इथूनच सुरू झाली. श्रावण लागला होता. तरोटा खायचा तो मृगाच्या सरींनंतर, आर्द्रात, फार तर आषाढ सरेपर्यंत. तेव्हा शेंड्याची तीन-चार पानं बोटाने खुडली की टचकन तुटतात. गुडघ्याएवढ्या झाडाचं पान जून झालेलं असतं, त्याला उग्र वास येतो आणि पोटाला ते सारक असतं. घरी बाई कोवळी टोकं खुडते, उकळून पाणी पिळून काढते, मग तेलात भरपूर ठेचलेला लसूण आणि लाल मिरची परतते, भिजवलेली डाळ घालते आणि वरून भाकर देते. शाळेत पोत्यातला पाला देठांसकट चिरला गेला, एकाच गंजात (पातेल्यात) डाळीबरोबर शिजला आणि पाणी फेकलं नाही, कारण ‘सत्त्व जाते’ असं प्रशिक्षणात सांगितलेलं. मुलामागे पाच ग्रॅम तेलात लसणाची फोडणी ती किती बसणार? भाजी काळपट झाली, वास वर्गापर्यंत गेला.

मुलांनी ती ताटाच्या कडेला सारली. मला सगळ्यात बोलकी वाटली ती पोडावरची मुलं. त्यांच्या घरी हीच भाजी महिनाभर होते आणि ती पोटभर खातात. शाळेत त्यांनीही सारली, कारण शेजारचा पाहत होता.

दोन-तीन लहान मुलांना संध्याकाळी जुलाब झाले, एकीला उलटी झाली. उपकेंद्रातल्या सिस्टरने क्षारसंजीवनी दिली आणि रात्रीपर्यंत सगळी खेळायला लागली. पण तोवर गावात बातमी फिरली होती की शाळेत विषारी पाला चारला.

फाटकातलं बोलणं

त्या संध्याकाळी फाटकात जे बोललं गेलं त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. मुख्याध्यापकांना त्यातली एकच ऐकू आली.

एक बाप म्हणाला, “ज्याले ढोरं तोंड लावत नाइ, थे आमच्या पोरायले चारता काय?” यात तथ्य आहे. तरोट्याला गाय-बैल खरंच तोंड लावत नाहीत, म्हणून तर गोठाणावर आणि पडीकात तो एवढा माजतो. जनावराची पारख हा गावाचा जुना निकष आहे आणि बहुतेक वेळा तो कामाला येतो.

दुसरी एक माय बोलली ते जास्त लागणारं होतं. “आमी गरीब हाओ, थे ठीक. पन शाळेतबी गरिबीच वाढाची का? तुमच्या घरी करता का हे?” शिक्षकांपैकी कोणाच्याच घरी होत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात तरोटा बहात्तरच्या दुष्काळाशी बांधलेला आहे. रेशनची लाल मिलो आणि रानातला पाला एका दमात आठवतात. ज्या अन्नातून आपण वर आलो ते लेकराला परत दिलं, की माणसाला ते मागे ढकलल्यासारखं वाटतं.

तिसरं वाक्य मागून कोणीतरी टाकलं: “पोडावरचं खानं पोडावर ठेवा ना बाप्पा.” कोलाम बाया तिथेच, पिंपळाच्या पारापाशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

मुख्याध्यापकांनी उत्तरादाखल तक्ता वाचून दाखवला. शंभर ग्रॅममध्ये लोह इतकं, कॅल्शियम तितकं. मला वाटतं अशा सभेत तक्त्याइतकं निरुपयोगी काही नसतं. लोक पोषण नाकारत नव्हते. त्यांच्या मुलाच्या ताटात काय पडावं हे त्यांना न विचारता ठरलं, याचा त्यांना राग होता.

शिवाय तक्ता जरा जास्तच बोलत होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या सुमारे 54 टक्के बायांमध्ये रक्तक्षय आढळला, हे खरंच. पण पालेभाजीतलं लोह शरीरात फार थोडं उतरतं. सोबत लिंबू किंवा आवळा असेल तर थोडं जास्त, जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. तरोट्याने रक्त वाढतं असं गावाला सांगणं म्हणजे उद्या खोटं पडायची तयारी. पैशाची आणि भाजीची चणचण असते त्या दिवसांत घरात एक हिरवी भाजी येते, हा दावा पुरेसा आहे आणि टिकणाराही आहे.

भीती पोकळ नव्हती

शहरातून आलेल्यांना गावाची भीती अडाणीपणा वाटते. या जिल्ह्यात तरी तसं म्हणू नये. 2013 च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात शाळेचं जेवण खाऊन 23 मुलं गेली; तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. शिक्षकाने आधी चव घ्यायची हा नियम त्यानंतर सगळीकडे कडक झाला. आणि 2017 च्या पावसाळ्यात खुद्द यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ‘विषारी’ हा शब्द या गावात हवेतला नाही.

त्यात तणनाशकाची भर. पूर्वी निंदणाला बाया वावरात बसत आणि निंदता निंदता घोळ, कुंजर, केना, चिवळ ओटीत घेऊन घरी येत. संध्याकाळची भाजी तिथेच होई. आता सोयाबीन पेरल्यावर दोन-तीन आठवड्यांत तणनाशक मारलं जातं, आणि ‘चोर बीटी’ (तणनाशक सोसणारं, बेकायदा विकलं जाणारं कपाशीचं बियाणं) आल्यापासून कपाशीतही ग्लायफोसेट चालतं. म्हणजे रानभाजी कोवळी असते नेमका तोच फवारणीचा हंगाम. धुऱ्यावरचं (बांधावरचं) झाड दोन दिवस हिरवंगार दिसतं आणि मग पिवळं पडतं. त्या दोन दिवसांत खुडलेल्या पानावर काय आहे हे डोळ्याला कळत नाही. रानभाज्यांवरच्या कार्यक्रमांत ‘सेंद्रिय, निसर्गाची देणगी’ असं सर्रास म्हणतात. रान तसं राहिलेलं नाही.

तिसरी भीती ओळखीची. ठराव झाल्यानंतरच्या आठवड्यात पोडावरच्या एका आजीला गटाच्या ताईंनी शाळेत बोलावलं. पोत्यात उरलेला पाला खोलीच्या कोपऱ्यात वाळत पडला होता. आजीने ढिगात हात घालून दोन डहाळ्या बाजूला काढल्या. “हा नोहे.” मग दोन्ही पानं शेजारी धरून दाखवली. तरोट्याच्या देठावर पानांच्या तीन जोड्या, टोक गोल आणि रुंद, अंड्यासारखं. दुसऱ्याच्या चार-पाच जोड्या, टोक निमुळतं. चुरगळलं तर वासही निराळा. शेंगांवरून तर फरक लगेच कळतो: तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली, दुसऱ्याची चपटी आणि रुंद.

ती दुसरी डहाळी कासविंद्याची, म्हणजे रानटाकळ्याची होती. त्याच्या बिया मुलांसाठी घातक आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांना यकृत, स्नायू आणि मेंदूला एकाच वेळी ग्रासणारा आजार होत असे. डॉक्टरांनी त्याचा माग काढत तो याच शेंगांपर्यंत नेला. ओडिशातल्या मलकानगिरीत 2016 साली बालमृत्यू झाले तेव्हाही तज्ज्ञांनी या झाडाकडे बोट दाखवलं. इथल्या पोत्यात दोनच डहाळ्या होत्या आणि त्याही बिनशेंगांच्या. मुलांना जुलाब झाले ते माझ्या मते जून पाल्याने. पण तोडणाऱ्या बायांना हा फरक माहीत नव्हता, आणि माहीत असलेली बाई नाल्यापलीकडे राहत होती. तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

गाव काय खातं, काय खात नाही

या गावाला रानातलं वावडं आहे असं मुळीच नाही. काटवल (करटुलं) आलं की आठवडी बाजारात दोनशेच्या पुढचा भाव सांगितला तरी हातोहात जातं, आणि ते पोडावरच्याच बाया विकायला आणतात. पहिल्या पावसानंतर वारुळापाशी उगवणाऱ्या सात्यांसाठी (रानातल्या अळंब्यांसाठी) तर वशिला लावतात. बांबूचे वास्ते (कोवळे कोंब) पाहुण्याला करून घालतात. मग तरोट्यानेच काय घोडं मारलं? तो कुठेही, कोणालाही, फुकट मिळतो. काटवल शोधावं लागतं, सात्या चार दिवसांच्या असतात. जे दारात माजतं त्याला मान नाही. हेच झाड कोकणात टाकळा म्हणून पहिल्या पावसाची भाजी असतं, आणि आपल्या शेजारी छत्तीसगडात चरोटा भाजी घराघरात होते.

गंमत म्हणजे तरोट्याचं बी याच गावातून विकलं जातं. दिवाळीनंतर मजूर बाया शेंगा झोडतात, व्यापारी बी घेऊन जातो आणि त्याचा गोंद परदेशी जातो. बी विकायला लाज नाही, पान खायला आहे.

धर्माचं आणखी वेगळंच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही, म्हणून पूर्व विदर्भात बाया तळ्यात आपोआप उगवणारा देवभात महाग पडला तरी घेतात. महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) नैवेद्याला सोळा भाज्या लागतात. सोळाचा आकडा भरताना परसातलं, धुऱ्यावरचं सगळं हुडकलं जातं. त्या ताटात पडलेल्या घोळीला गरिबीची भाजी म्हणायची कोणाची छाती नाही.

वळण

गटाच्या अध्यक्ष ताईंना हे माझ्याआधी उमगलं. त्यांनी शाळेचा विषय सोडूनच दिला. त्या भाद्रपदात गावातल्या एका मातब्बर घरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. त्या घरच्या काकूंना त्या म्हणाल्या, यंदा सोळा भाज्यांचं आमच्याकडे द्या. तरोटा तोवर फुलावर आला होता, तो वगळला. कुंजर, घोळ, चिवळ, अंबाडी, केना आणि बाकी परसातलं. कुंजर आणि घोळ पोडावरच्या आजीने निवडून दिलं, पानामागे पान पाहून. ही भाजी कोणी निवडून दिली हे जेवणाऱ्यांना सांगायचं काकूंनी ठरवलं आणि पंगतीत मोठ्याने सांगितलंही. एक-दोघांची तोंडं वाकडी झाली. पुरण आणि आंबील समोर असताना कोणी उठून जात नाही.

पुढच्या वर्षी गट तालुक्याच्या रानभाजी महोत्सवात गेला. कृषी विभाग ऑगस्टमध्ये, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, असे महोत्सव भरवतो. या महोत्सवांबद्दल माझं मत फारसं बरं नाही: फीत कापली जाते, फोटो निघतात, अधिकारी चमचाभर चाखतात आणि घरी कोबी शिजतो. पण इथे त्याचा एक उपयोग झाला. मृगात खुडून सावलीत वाळवून ठेवलेल्या तरोट्याचे चुनाचे (बेसनाचे) वडे गटाने विकले आणि यवतमाळहून आलेल्या लोकांनी पैसे मोजून ते खाल्ले, दुसऱ्यांदा मागितले. गावातली पोरं मोटारसायकलींवर आली होती, त्यांनी हे पाहिलं. फुकटच्या पाल्याला भाव आला ही बातमी तक्त्यापेक्षा लवकर गावात पोचली.

त्यानंतरच्या आषाढात, गुरुपौर्णिमेच्या पंगतीत, तरोट्याची भाजी झाली. कोवळी टोकं, पाणी पिळलेलं, तुरीची डाळ, लसूण ओतलेला म्हणावा इतका, ज्वारीची भाकर आणि लिंबाची फोड. वाढायला उभे होते सरपंच आणि शाळेचे दोन शिक्षक, आणि पहिल्या पंगतीला बसली होती गावातली मोठी माणसं. दोन वर्षांपूर्वी फाटकात ढोरांचा दाखला देणारा गृहस्थ त्यात होता. त्याने दुसऱ्यांदा भाजी घेतली आणि म्हणाला, “मंग तवा असं काहून नाइ केलं?” त्याच्या मायनेच लहानपणी त्याला हीच भाजी घातली होती, हे त्याने नंतर चहावर सांगितलं.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा हा आहे. अनोळखी किंवा मान गेलेल्या अन्नाची सुरुवात शाळेच्या, अंगणवाडीच्या ताटापासून करणं म्हणजे ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यापासून सुरुवात करणं. आणि ताट सरकारी असेल तर नाकारणं हीच गावाला उरलेली एकमेव प्रतिष्ठा असते. नाही म्हणू शकणाऱ्यांनी आधी खाल्लं पाहिजे, तेही लोकांसमोर आणि चवीने. कोणी म्हणेल, हा तर वरच्यांच्या शिक्क्याची वाट पाहणं झालं, पोडाच्या ज्ञानाला पाटलाच्या ओसरीची मान्यता कशाला? हा आक्षेप मला मान्य आहे. पण पोडावरच्या मुलाने शाळेत ती भाजी न लाजता खावी असं वाटत असेल, तर शेजारी बसलेल्या मुलाच्या घरात काय बोललं जातं हे बदलावं लागतं, आणि ते घर ओसरीकडे पाहतं.

सध्या

शाळेत तरोटा परत आला आहे, पण नेमाने नाही. विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे पानं कोवळी असतात तेव्हाच. त्या तीन-चार आठवड्यांत अधूनमधून वड्यांच्या रूपात, आणि ज्याला नको त्याला दुसरी भाजी. शिक्षक आधी खातात. तोडणीचे नियम गटाने फळ्यावर लिहून ठेवले आहेत: फवारलेल्या वावराचा धुरा आणि पांदण वर्ज्य, फक्त गोठाणामागच्या टेकडीवरचं; शेंग धरलेलं झाड तोडायचं नाही; पोतं आजी किंवा तिची सून पाहिल्याशिवाय चुलीवर जाणार नाही.

टेकडीवर तणनाशक मारू नये असा ग्रामसभेचा ठराव झाला. पहिल्याच हंगामात टेकडीखालच्या वावरातला फवारा वाऱ्याने वर आला आणि त्या बाजूचा तरोटा पिवळा पडला. वावरवाल्याचं म्हणणं, माझ्या धुऱ्यापासून हद्द मोजून द्या.

निवडण्याच्या मजुरीचाही वाद आहे. गट आजीच्या घरी दिवसाचे ठरावीक पैसे देतो. पोडावरच्या बाया म्हणतात, काटवल आम्ही किलोने विकतो, मग तरोटा जुडीने का नाही? गटाचं उत्तर, तो तर रस्त्याच्या कडेला फुकट उगवतो. “फुकट उगवते, मंग तुमीच ओळखा न,” असं आजीच्या सुनेने मागच्या बैठकीत सुनावलं. जुडीचा भाव अजून ठरलेला नाही. पुढची बैठक कापसाच्या पहिल्या वेचणीनंतर आहे.